दुखणं मांडीत, बोट गुडघ्यावर : ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचं एक प्रकरण

रुग्ण १४ वर्षांचा मुलगा, नववीतला, काटोलकडच्या एका गावचा. शाळेच्या कबड्डी संघात रेडर. घरी संत्र्याची बाग. तक्रार एकच, उजवा गुडघा दुखतो, आठ महिने झाले.

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या ओपीडीत तो आला तेव्हा वडिलांच्या पिशवीत गुडघ्याचे तीन एक्स-रे होते, तिन्ही नॉर्मल. सोबत एमआरआयची मोठी फाइल. ती मात्र नॉर्मल नव्हती. उजव्या मांडीच्या हाडाच्या वरच्या भागात, खुब्याच्या जरा खाली, मज्जेला बरीच सूज आहे; हाडाचा जंतुसंसर्ग किंवा युइंग सार्कोमा (मुलांत होणारा हाडाचा कॅन्सर) यांचा विचार करावा; बायॉप्सी करून खात्री करावी, असं रिपोर्टच्या शेवटी लिहिलेलं. ‘युइंग’ म्हणजे काय ते वडिलांनी मोबाइलवर शोधलं होतं. त्यानंतरचे दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवलं नव्हतं, हे मुलाच्या आईनं नंतर सांगितलं.

फाइल बाजूला ठेवून मी मुलाला विचारलं, दुखतं कधी? तो म्हणाला, रात्री. दिवसा सहन होतं, खेळताना थोडं लंगडायला होतं, पण रात्री दोन-अडीचला जाग येते ती येतेच. पुढचं वडिलांनी सांगितलं : “रातच्याले उठून बसते जी हा. मांडी दाबून देतो, शेकून देतो, काही फरक पडत नाही. गोळी देली का अर्ध्या घंट्यात झोपून जाते.”

कोणती गोळी, हे मी मुद्दाम विचारलं. आईनं पर्समधून अर्धी वापरलेली स्ट्रिप काढली. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांची नेहमीची जोडगोळी. नुसत्या पॅरासिटामॉलनं थांबतं का? नाही, ती आधी देऊन पाहिली होती, तिनं काहीच होत नव्हतं. आणि ही गोळी दिली की थांबतंच? “थांबतेच. दर वेळी.”

एवढ्यावर निदान ऐंशी टक्के झालं होतं असं मी म्हणेन. रात्री झोपेतून उठवणारं एकाच जागचं दुखणं, आणि आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन किंवा ॲस्पिरिन जातीच्या गोळीनं ते अर्ध्या-पाऊण तासात पार विझणं. दहा ते पंचवीस वयाच्या मुलात ही जोडी दिसली की ऑस्टिऑइड ऑस्टिओमा, म्हणजे हाडातली एक छोटी निरुपद्रवी गाठ, डोक्यात यायलाच हवा. मुलींपेक्षा मुलांत तो दोन-तीन पट जास्त दिसतो.

तपासणीत गुडघा अगदी चांगला होता. पूर्ण वाकत होता, सूज नाही, दाबल्यावर दुखत नाही. पण मुलगा पालथा झोपला तेव्हा डावी-उजवी मांडी सारखी नाही हे टेपची गरज नसताना दिसत होतं. टेप लावल्यावर उजवी अडीच सेंटिमीटरनं बारीक निघाली. पाय खुब्यात आतल्या बाजूला फिरवला की चेहरा आक्रसायचा, आणि जांघेत खोल दाबल्यावर त्यानं माझा हात धरला. “इथं?” म्हटलं तर म्हणाला, “हो, पण दुखते गुडघ्यात.”

खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं, हे आमच्या शाखेत पहिल्या वर्षी शिकवतात. खुबा आणि गुडघा यांना जाणाऱ्या नसा बऱ्याच अंशी सामायिक आहेत, म्हणून मेंदू जागेचा घोळ करतो. मूल गुडघ्यावर बोट ठेवतं, आणि चिठ्ठीवर गुडघ्याचाच एक्स-रे लिहिला जातो. लहान मुलाच्या गुडघेदुखीत खुबा तपासल्याशिवाय फाइल बंद करू नये. इथं तीनदा गुडघ्याचा फोटो निघाला आणि वीतभर वरचा एकदाही नाही.

आठ महिन्यांत दुसरं काय काय झालं तेही सांगतो, कारण विदर्भातल्या अशा बहुतेक मुलांचा प्रवास असाच होतो. सुरुवातीचे दोन महिने ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून गेले. वाढीचं दुखणं असतं, नाही असं नाही. पण ते लहान वयात, बहुतेक वेळा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री येतं. सकाळी मूल उड्या मारत असतं, लंगडत नाही आणि मांडी बारीक होत नाही. चौदा वर्षांचा मुलगा, एकच पाय आणि लंगडणं, हे त्यात बसत नाही. त्यानंतर कॅल्शियम आणि ‘डी’ जीवनसत्त्वाची पाकिटं झाली. मग रक्ताची तपासणी, आणि त्यात सिकल सेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली.

आपल्याकडे हाड दुखणाऱ्या मुलाची सिकलची तपासणी करणं योग्यच आहे. विदर्भात हा आजार घरोघरी माहीत आहे. केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकल सेल निर्मूलन मोहीम सुरू केल्यापासून शाळांतून, आश्रमशाळांतून तपासण्याही वाढल्या आहेत. अडचण पुढच्या पायरीवर होते. प्राथमिक चाचणी वाहकातही पॉझिटिव्ह येते आणि रुग्णातही. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, केल्यावर मुलगा ‘एएस’, म्हणजे नुसता वाहक निघाला. वाहकाला रोजच्या जगण्यात हाडाच्या कळा येत नाहीत, आठ महिने एकाच जागी तर नाहीच. पण कागदावर ‘सिकल’ हा शब्द आला होता. पुढचे तीन महिने प्रत्येक दुखण्याला तोच जबाबदार धरला गेला, भरपूर पाणी पी आणि फॉलिक ॲसिड घे, एवढ्यावर. शेवटी एका डॉक्टरनं क्षयाचीही शंका काढली आणि एमआरआय झाला.

रक्तात जंतुसंसर्गाची काही खूण नव्हती. पेशी, ईएसआर, सीआरपी सगळं नॉर्मल. ताप एकदाही नाही, वजन घटलेलं नाही.

आता त्या एमआरआयबद्दल. रिपोर्ट देणाऱ्याची चूक काढायची नाही. समोर जे चित्र होतं त्यावर ती शंका रास्त होती. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची मूळ गाठ, म्हणजे नायडस, वाटाण्याएवढी असते, बहुतेकदा दीड सेंटिमीटरपेक्षा लहान. ती प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे सूज आणि कळ आणणारं रसायन, भरमसाट तयार करते. त्यामुळे भोवतालच्या मज्जेला, स्नायूंना, सांध्याला सूज येते. एमआरआय पाण्याला फार हळवा, त्यामुळे सूज लख्ख दिसते आणि तिच्या गर्दीत वाटाणा हरवतो. त्यात तपासणी मोठ्या जाडीच्या कापांत झाली असेल तर नायडस दोन कापांच्या मध्येच निसटू शकतो. आक्राळविक्राळ सूज आणि क्षुल्लक गाठ, हे या आजाराचं नेहमीचं सोंग आहे.

प्रोस्टाग्लँडिनची हीच गोष्ट गोळीचा चमत्कारही समजावते. आयब्युप्रोफेनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन बनण्याचा मार्गच अडवतात. नायडसमध्ये बारीक नसांचे तंतूही सापडतात, तेव्हा दुखण्याचा कारखाना आणि तारघर एकाच खोलीत. पॅरासिटामॉलची त्या जागी फारशी मात्रा चालत नाही.

मी बायॉप्सी थांबवली आणि सी.टी. सांगितला. पूर्ण मांडीचा नको, एमआरआयमध्ये सूज होती तेवढ्याच भागाचा, एक मिलिमीटरहून पातळ कापांचा, मुलासाठी कमी केलेल्या मात्रेचा. किरणांची काळजी आईला होती आणि ती योग्य होती. पण इथं साधा सी.टी. जे सांगतो ते दुसरं काही सांगत नाही. लेसर ट्रोकँटर म्हणजे मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा छोटा उंचवटा. त्याच्या पातळीवर, आतल्या बाजूच्या कठीण थरात, ७ मिलिमीटरचा गोल काळा ठिपका होता. त्याच्या मधोमध चुन्याचा पांढरा कण, आणि भोवती हाड जाड होऊन पिठूळ पांढरं झालेलं. या चित्राला दुसरं नाव फार क्वचित द्यावं लागतं.

ही गाठ कॅन्सर नाही, कॅन्सर होत नाही, पसरत नाही. न्यूयॉर्कचे पॅथॉलॉजिस्ट हेन्री जाफे यांनी १९३५ साली तिला स्वतंत्र आजार म्हणून मांडलं. त्याआधी अशा रुग्णांना हाडाचा जुनाट संसर्गच समजलं जाई. हाडाच्या निरुपद्रवी गाठींत दहातली एक ही असते. निम्म्याहून जास्त मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत.

वडिलांना मी पहिलं वाक्य ‘हा कॅन्सर नाही’ हेच सांगितलं. त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून विचारलं, “मंग काहाले दुखते एवढं?”

रस्ते तीन होते. पहिला, काहीही न करणं. ही गाठ काही वर्षांत आपोआप विझू शकते. तोवर गोळ्यांवर राहायचं. कोणाला रुचेल, पण चौदाव्या वर्षी दररोज रात्री ही गोळी आणि तीही कित्येक वर्षं, याचा पोटावर आणि मूत्रपिंडावर भार पडतो. शिवाय वाढत्या वयात खुब्याजवळ असा सुजट निखारा राहिला तर पायाच्या लांबीत फरक पडणं, सांधा आखडणं हे होऊ शकतं. मांडी बारीक होऊ लागलीच होती. ॲस्पिरिनचं नाव मी पर्यायातही घेतलं नाही, कारण मुलांत ते रेज सिंड्रोमच्या, म्हणजे मेंदू आणि यकृतावर घाला घालणाऱ्या दुर्मीळ आजाराच्या, धोक्यामुळे टाळतात.

दुसरा, जुना, उघडी शस्त्रक्रिया. मी शिकाऊ असताना हीच होती. हाड वरून पाहिलं की वाटाणा दिसत नाही, नुसतं जाड झालेलं हाड दिसतं. मग नेम चुकू नये म्हणून मोठा ठोकळा काढायचा, आणि खुब्याखालच्या भागात, जिथं शरीराचा सगळा भार येतो, तिथं ठोकळा काढला की हाड मोडण्याची भीती. म्हणून प्लेट, कधी दुसरीकडचं हाड आणून भरणं, आणि तीन महिने कुबड्या. एवढं करून नायडस राहून गेल्याचीही उदाहरणं आहेत.

तिसरा, सुईतून रेडिओ लहरींची उष्णता देऊन नायडस जाळणं, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन. असं यंत्र न्यूरोसर्जन आधीपासून वापरत होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डॅनियल रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी ते हाडातल्या या गाठीसाठी वापरलं आणि १९९२ साली पहिले रुग्ण प्रसिद्ध केले. आज बहुतेक ठिकाणी हाच पहिला उपचार आहे. पहिल्याच खेपेला साधारण दहातले नऊ रुग्ण बरे होतात, उरलेल्यांत पुन्हा करता येतं. खर्चात मोठा वाटा एकदाच वापरायच्या सुईचा असतो, हे मी आधीच सांगतो. नंतर बिलावर बघून धक्का बसण्यापेक्षा बरं.

घरच्यांनी तिसरा निवडला. आजोबांचा एकच प्रश्न होता, एवढ्या बारीक भोकातून सगळं निघणार कसं? काढायचं नाहीच, जागच्या जागी मारायचं आणि मेलेलं शरीर पचवून टाकतं, हे त्यांना चटकन पटलं.

प्रत्यक्ष काम सी.टी.च्या खोलीत झालं. सुई आमच्या इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टनं, म्हणजे स्कॅन बघत सुईनं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी, घातली, मी शेजारी होतो. भूल पूर्ण दिली. एवढ्याशा सुईला पूर्ण भूल कशाला, असं लोक विचारतात. नायडसमध्ये शिरणं हा दुखण्याच्या मुळावरच घाव असतो. अर्धवट गुंगीत मूल हललं तर सगळा नेम गेला. भूलतज्ज्ञांनी सिकल वाहक असल्याची नोंद घेऊन सलाइन आधीपासून सुरू ठेवलं, मुलाला गरम ब्लँकेटमध्ये ठेवलं. सी.टी.ची खोली यंत्रासाठी बर्फासारखी थंड असते, ही गोष्ट सहज विसरली जाते.

वाट निवडण्यात सर्वात जास्त वेळ गेला, आणि तो तसा जावाच. नायडस हाडाच्या आतल्या बाजूला होता. त्या बाजूनं गेलं तर मांडीची मोठी रक्तवाहिनी आणि नस वाटेत. मागून गेलं तर सायटिक नस. म्हणून बाहेरून, म्हणजे मांडीच्या कडेनं जायचं ठरलं. बाहेरच्या बाजूच्या कठीण थरातून भोक पाडून, मज्जेचा पोकळ भाग ओलांडून, आतून नायडसच्या पाठीवर पोचायचं. लांबची वाट, पण वाटेत हाडाशिवाय काही नाही. त्वचेवर धातूच्या रेघांची जाळी चिकटवून जागा आणि कोन ठरवला. त्वचेवरचा छेद चार मिलिमीटरचा. ड्रिल पुढे सरकवायचं, थांबायचं, दोन-तीन कापांचा सी.टी. काढायचा, पुन्हा सरकवायचं.

मज्जेतून जाताना ड्रिल लोण्यात जातं तसं जातं. मग पलीकडचा जाड थर लागला, आवाज बदलला, आणि थोड्या वेळात टोक मऊ जागी शिरलं. त्याच क्षणी मॉनिटरवर मुलाचे ठोके ८४ वरून ११६ वर गेले. पूर्ण भुलीत. भूलतज्ज्ञ म्हणाले, “पोचलात वाटतं.” हे ओळखीचं लक्षण आहे, श्वासही वाढतो. त्यांनी भूल खोल केली. सी.टी.त टोक ठिपक्याच्या बरोबर मध्ये होतं.

आधी त्याच नळीतून तपासणीसाठी तुकडा घेतला. मग ७ मिलिमीटर उघडं टोक असलेली सुई आत गेली. इथं एक बारीकशी गोष्ट आहे जी नवीन माणसानं डोळ्यात तेल घालून बघावी. बाहेरची धातूची नळी पुरेशी मागे ओढायची. सुईच्या उघड्या टोकाला ती चिकटली तर प्रवाह नळीतून उलटा येतो, नायडस तापत नाही आणि नळीच्या वाटेनं स्नायू आणि कातडी भाजते. नळी मागे घेतल्याचं पुन्हा एका कापात पाहिलं. तापमान ९० अंशांवर नेऊन सहा मिनिटं ठेवलं. टोकाभोवती साधारण एक सेंटिमीटर व्यासाचा गोळा जळतो. नायडस ७ मिलिमीटरचा होता, एक जागा पुरली. तो १२-१३ मिलिमीटरचा असता तर सुई सरकवून दुसऱ्यांदा जाळावं लागलं असतं. टाका एक. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा घरी.

पहिली रात्र दुखलं, पण ते भोकाचं दुखणं, मुलानं स्वतः वेगळं ओळखलं. दुसऱ्या रात्री तो सकाळी सातपर्यंत झोपला. आईनं दोनदा उठून बघितलं म्हणे, श्वास चालू आहे ना.

तुकड्याच्या अहवालात कोवळं, विस्कळीत विणीचं हाड आणि त्याभोवती हाड घडवणाऱ्या पेशींची रांग आली. ऑस्टिऑइड ऑस्टिओमाशी जुळणारं. दर वेळी असं स्पष्ट येत नाही. एवढ्याशा गाठीतून ड्रिलखाली चुरडलेला चिमूटभर नमुना मिळतो, आणि पॅथॉलॉजिस्टनं ‘ठाम सांगता येत नाही’ लिहिलं तर त्यांना दोष देऊ नये. या मुलाच्या फाइलवर युइंगचा शब्द चढला होता म्हणून मला तो कागद हवा होता.

सगळ्यांनाच ही सुई चालते असं मात्र नाही. गाठ मणक्यात, नसेपासून सेंटिमीटरभराच्या आत असेल तर खूप जपून, मध्ये थंड द्रव किंवा हवा सोडून नस दूर ठेवावी लागते. नडगीच्या पुढच्या बाजूला, हाताच्या बोटात हाड कातडीच्या लगेच खाली असतं, तिथं भाजण्याचा धोका. काही ठिकाणी गोठवून मारतात, आणि एमआरआयमध्ये बाहेरून अल्ट्रासाउंडचा मारा करून, सुईशिवाय जाळण्याचीही पद्धत आली आहे.

टाका काढायला आले तेव्हा मुलाची मावशीही सोबत होती. तिच्या आठ वर्षांच्या पोराच्या दंडाच्या हाडात ‘पोकळी’ निघाली होती, हात मोडला तेव्हा कळलं. त्यालाही जाळून देता का, असा प्रश्न. तो साधा सिस्ट, म्हणजे पाण्यानं भरलेली पोकळी, वाटत होता. त्याला उष्णता नको. मोडलेलं जुळू द्यायचं, आणि पोकळी मोठी राहिली तर सुईनं पाणी काढून आत स्टिरॉइडचं इंजेक्शन, बहुतेकदा एकापेक्षा जास्त वेळा. रक्तानं भरलेला ॲन्युरिझ्मल सिस्ट असता तर पॉलिडोकॅनॉलसारखं शिरा आकसवणारं औषध. आणि मुलांच्या एक्स-रेत योगायोगानं दिसणाऱ्या नॉन-ऑसिफाइंग फायब्रोमाला (हाडातली तंतुमय, निरुपद्रवी गाठ) तर बहुतेक वेळा काहीच लागत नाही, मोठेपणी तो पुसला जातो. सुई सगळीकडे तीच दिसते, पण आतलं काम प्रत्येक गाठीला वेगळं आहे. तिला एक्स-रे घेऊन यायला सांगितलं.

आमच्या मुलाला सहा आठवडे धावणं-उड्या बंद आणि कबड्डी तीन महिने बंद सांगितली होती, कारण हाडाच्या बाहेरच्या बाजूच्या थराला भोक पाडलं होतं आणि तिथं भार येतो. चालायला, शाळेत जायला पहिल्या दिवसापासून मुभा. तीन महिन्यांनी मांडीतला फरक अडीचवरून एक सेंटिमीटरवर आला, लंगडणं गेलं. गोळी एकही नाही. पुन्हा सी.टी. काढला नाही, दुखणं नसताना किरणं देण्यात अर्थ नाही. गाठ परतायची तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत परतते आणि परतताना जुनीच भाषा बोलते. म्हणून घरच्यांना एवढंच सांगितलं आहे की रात्रीची जाग आणि गोळीनं आराम ही जोडी पुन्हा दिसली तर तारखेची वाट न बघता यायचं. पायांची लांबी दर सहा महिन्यांनी मोजतो आहोत, सध्या सारखी आहे.

सिकलचा धागा सोडून चालणार नव्हतं. या दुखण्याशी त्याचा संबंध नसला तरी मुलगा वाहक आहे हे खरंच होतं. आईवडिलांची एचपीएलसी करायला सांगितली. आई ‘एएस’ निघाली, वडील नॉर्मल. म्हणजे या जोडप्याच्या कोणत्याच मुलाला पूर्ण आजार होण्याची भीती नाही. धाकटी बहीण सहावीत आहे, तिची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत करायचं ठरलं. मोठेपणी लग्न ठरवताना समोरच्याचाही रिपोर्ट बघायचा, हे मुलाला आत्ताच, वडिलांसमोर सांगून ठेवलं. तो लाजला, वडील हसले, आणि आईनं दोन्ही रिपोर्ट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतले.